तुटलेल्या रिळातलं लग्न

आमच्या घरमालकांसमोर कोणी घसरून पडलं, तर ते उचलायला धावत नसत. आधी मान तिरकी करून नीट बघायचे आणि मग मार्क द्यायचे. "धापैकी चार. हात आदी टेकला." एवढं सांगून झालं की मग पुढे व्हायचे, पडलेल्याला उठवायचे, धूळ झटकायचे आणि हळद लावायला मालकीणबाईंना बोलवायचे. बाबांची भोरला बदली झाली आणि आम्ही त्यांच्या घरात भाड्यानं राहायला आलो, त्याच दिवशी बाबा देव्हारा हातात घेऊन पायरीवरून घसरले. मालक ओट्यावर बसून बघत होते. "आठ," ते म्हणाले. "देव पडू दिला न्हाई." नव्या भाडेकरूशी ते बोललेलं पहिलं वाक्य हे असं. बाबा चांगलेच धुसफुसले. ऑफिसात ज्यांना सगळे साहेब म्हणतात अशा माणसाला ओट्यावरून मार्क? पण आठ मिळाल्याचं त्यांनी आईला त्या दिवसात दोनदा सांगितलं, हेही मी ऐकलं.

मालक एरवी फार कमी बोलायचे. नळाला पाणी आलं की आमच्या खिडकीसमोर येऊन हवेतली कळशी खांद्यावर घ्यायचे आणि तिच्या ओझ्यानं वाकून दाखवायचे. वीजबिल आलं की छातीला हात लावून खांबाला टेकायचे. भाजीवालीला शेवग्याच्या शेंगा हव्यात हे ते कसं सांगायचे ते लिहिता येणार नाही, पण ती बाई मंडईत इतरांना करून दाखवायची. मालकीणबाई म्हणायच्या, "यांच्या वाटचं बी मीच बोलते, म्हनून माजा घसा बसलेला असतोय."

तरुणपणी ते तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रा जिथं, तिथं तंबू. पुढे तंबू बंद पडला, सामान वाटलं गेलं, आणि मालकांच्या वाट्याला एक लहान मशीन आणि कोणालाच नको असलेलं एक रीळ आलं. नको असलेलं, कारण त्यात ना गाणी, ना संवाद, ना मारामारी. परदेशातला कुठलातरी मुका, काळापांढरा, पळापळीचा सिनेमा. एका नवरदेवाचा लग्नाचा दिवस, आणि त्या दिवशी जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडतं. बस, एवढंच. पण मालकांच्या मते सिनेमा म्हणावा तर हाच. "बोलाय लागला आन् सिनेमाचं वाटोळं झालं," हे त्यांचं ठाम मत होतं.

गंमत अशी, की हा न बोलणारा माणूस त्या मुक्या सिनेमापुढे मात्र तोंडाला कुलूप म्हणून लावायचा नाही. मशीनशेजारी उभं राहून सगळ्यांचे आवाज एकटाच काढायचा. "ह्यो बगा नवरदेव उठला. घड्याळ बगतोय. बोंबला! इजार इस्त्रीखाली ठिवली आन् गेला दाढी कराया. निघाला का धूर? निघाला! आता शेजाऱ्याची इजार. शेजारी केवढा, ह्यो केवढा! बांद सुतळी." नवरदेवाची बग्गी सुटायची तेव्हा घोडा एकटाच पुढे जायचा आणि बग्गी जागेवर. मालक म्हणायचे, "गेली येष्टी. आता बस किकवीच्या फाट्यावर." पुढे चुन्याची बादली, शिडी, अंगठी गिळणारं कुत्रं, आणि उंच टोपी घातलेला एक जाडा माणूस. त्याला मालकांनी परस्पर नवरीचा मामा करून टाकलं होतं. सिनेमात जे काही उडायचं, सांडायचं, कोसळायचं ते याच्या अंगावर. शेवटी तो तळ्यात पडायचा. "पडला मामा भाटघरच्या पान्यात! आता रुसनार. रुसला!"

आणि नवरदेव नवरीचा हात धरून पळत सुटलेला, मागे सगळं वऱ्हाड, समोर देवळाचं दार. तिथं रीळ संपायचं. पुढचा तुकडा एका जत्रेत मशीनमध्ये अडकून जळाला होता. दरवेळी कोणीतरी अंधारातून ओरडायचंच, "ओ मालक, लगीन लागलं का?" आणि मालकांचं ठरलेलं उत्तर, "त्ये उद्या तुमच्या मांडवात बगा."

कारण हा सिनेमा ते फक्त हळदीच्या संध्याकाळी दाखवायचे. ही दृष्ट काढायची त्यांची रीत होती. लग्नात जे वाईट व्हायचं ते आदल्या दिवशी पडद्यावर होऊन जातं, उद्याला काही उरत नाही, असा त्यांचा हिशेब. अट एकच. खुर्च्या नाहीत. व्याही असो की वाढपी, सगळे एका सतरंजीवर. आणि सिनेमा चालू असताना ते पडद्याकडे बघायचेच नाहीत, माणसांची तोंडं बघायचे. प्रत्येक जण एकदा तरी हसला पाहिजे. "एक जरी मानूस कोरडा ऱ्हायला, तर त्याच्या वाटचं उद्यासाटी शिल्लक ऱ्हातं."

आता खरं सांगायचं, तर मालकांचा सिनेमा झालेल्या लग्नांतही व्हायचं ते होतच होतं. आचारी भांडून जायचे, जनरेटर बसायचा, करवलीला चक्कर यायची. पण कोणी डोक्याला हात लावला की दुसरा म्हणायचा, "अरे, हे तर काल बघितलंय की!" आणि दोघं हसत सुटायचे. मला वाटतं मालकांच्या दृष्ट काढण्यातली खरी मिरची हीच होती. घराघरांत ड्रोन आणि प्री-वेडिंग शूट आलं, तरी भोर-वेल्ह्याकडे मालकांना बोलावणं चुकलं नाही, ते यामुळेच.

माझं लग्न वेल्ह्याकडच्या पासलीच्या मुलाशी ठरलं. आम्ही एकाच कंपनीत नोकरीला, तिथंच जमलं. तो लहान असताना वडील गेले, आणि त्याला वाढवला, शिकवला तो त्याच्या मामांनी. मामा डोंगरातले भातशेतीवाले. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. बाबांना या लग्नाची एकच धास्ती होती, मानपान. "आपल्याला गावाकडचं काही कळत नाही. कोणाला काय द्यायचं, कोणाला आधी भेटायचं, कुठे चुकलं तर?" म्हणून त्यांनी किकवीहून माझ्या चुलत्यांना, तात्यांना, बोलावून घेतलं. तात्या म्हणजे लग्नातले जाणकार. निदान आवाजावरून तरी तसं वाटायचं.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला मामा नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन पासलीहून जीपनं आले. चार बायका, ते आणि ड्रायव्हर. मला हळद लागली, आणि मग अंगणात सतरंजी पसरून मालकांनी मशीन लावलं. सगळं अंगण लोळत होतं. बाबा डोळे पुसत होते. मामा मांडी घालून ताठ बसलेले, तोंडावरची सुरकुती हलायला तयार नाही. मालकांनी त्या दिवशी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. रीळ मागे घेतलं आणि तळ्यात पडायचा भाग पुन्हा दाखवला, खास मामांसाठी. तरी काही नाही.

मशीन थंड होईपर्यंत मालक मामांपाशी जाऊन बसले. "पावनं, आवडलं न्हाई व्हय?"

मामांनी पडद्याच्या रिकाम्या चादरीकडे बोट केलं. "त्या जाड्या मामाचं काय चुकलं वो? समदे त्येच्यावर पडत्यात. येता का, बसता का, लागलं का, कायबी त्येला कुनी इचारलंच न्हाई."

मालक उठून मशीन आवरायला लागले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, उद्या जपून." मी हळदीनं माखलेली, आनंदात. हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात तात्या मानाची माळ, शाल, नारळ घेऊन उभे. ते त्याच सकाळी किकवीहून आलेले, मामांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बँड कानठळ्या बसवत होता. पासलीची जीप आली. आता जीपमध्ये काय झालं होतं ते आधी सांगते. मामांनी अक्षतांसाठी आपल्या खाचरातला तांदूळ आणला होता, अर्धं पोतं. ते दुसऱ्या कोणाला उचलू देईनात. सदरा खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो काढला आणि बंडीवरच पोतं खांद्यावर घेतलं. राहिला फेटा. सकाळी वेल्ह्यात बांधून घेतलेला, मोठ्या तुऱ्याचा, मानाचा फेटा. बांधलेला फेटा काही जमिनीवर ठेवायचा नसतो. मामांनी तो ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवला.

पांढरे कपडे, पिळदार मिशा आणि वर तो तुरा. तात्यांनी बघितलं आणि ठरवूनच टाकलं. पुढे होऊन ड्रायव्हरला माळ घातली, शाल पांघरली, नारळ दिला आणि अशी कडकडून मिठी मारली की त्या बिचाऱ्याचं "मी न्हाई, मी न्हाई" बँडमध्ये बुडून गेलं. एवढ्यात बंडीतला एक माणूस पोतं घेऊन मधे आला. तात्यांनी त्याला हातानं बाजूला सारलं. "ओ, पोतं मागल्या दारानं घ्या. हितं मानाची मान्सं हायती."

मी वधूपक्षाच्या खोलीच्या खिडकीत उभी होते. मामांना मी ओळखलं, ओरडलेही, पण बँडपुढे माझं कोण ऐकणार? मामा एक क्षण थांबले. मग खरोखरच मागच्या दाराकडे गेले, पोतं आत नीट ठेवलं, परत आले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

लाउडस्पीकरवर गुरुजींचं सुरू झालं. "नवरदेवाच्या मामांनी नवरदेवाच्या मागं येऊन उभं राहावं." थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मामांच्या मागोमाग पासलीची माणसं एकेक करून आपल्या वऱ्हाडाच्या टेम्पोत चढायला लागली होती. तात्या टॉवेल-टोपी घेऊन धावले, पाया पडले. मामांनी पाय आत घेतले. बाबा हात जोडून गेले. "मामा, आमची चूक झाली."

"चूक न्हाई, सायेब," मामा शांतपणे म्हणाले. "त्येनी बराबर वळाकलं. जल्मभर पोतीच वाहिली म्या."

 बाबा तसेच उभे राहिले, हात जोडलेले. मग मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः आला. मामा त्याला म्हणाले, "तू जा, बोहल्यावर हुबा ऱ्हा. तुज्यावर राग न्हाई." तो म्हणाला, "तुमी न्हाई तर म्या बी न्हाई," आणि जीपच्या मागच्या पायरीवर बसला. मुहूर्त सरला. बँडवाले थांबले.  माझं लग्न आता मोडतंय हे मला त्या खिडकीतून स्पष्ट दिसत होतं, आणि सगळ्यात वाईट हे, की मामांचं काही चुकलंय असं मला म्हणता येत नव्हतं.

तेव्हा मालक खिडकीपाशी आले. त्यांनी आपला जाड भिंगाचा चष्मा काढला, गजांमधून माझ्या हातात दिला आणि चालू लागले.

ड्रायव्हर लाजेनं पाण्याच्या टाकीमागे लपला होता. मालकांनी त्याला बाहेर काढला, त्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवून ताटात ठेवला, शेजारी नारळ ठेवला आणि ताट उंच धरून, राजदरबारात निघाल्यासारखे जीपच्या दिशेनं निघाले. चार पावलं गेली आणि तुऱ्याचं टोक ताटाबाहेर लोंबलं. पुढच्या पावलाला मालकांचा पाय त्यावर. ते थांबले. खाली बघितलं. पाय उचलून झटकला. पदर सुटला, फेटा ताटातून उडी मारून निघाला तो आवारभर उलगडत. मालक त्याच्यामागे, ताट तसंच उंच. चिंचेच्या झाडाला एक वळसा. "मालक, सांबाळा!" म्हणत ड्रायव्हर मदतीला धावला, तर फेट्यानं त्यालाही झाडाशी बांधून टाकला. मालकांनी त्याला गंभीरपणे नमस्कार केला, त्या नमस्कारात ताट कलंडलं, नारळ घरंगळला, तो त्यांनी पडता पडता झेलला, मागे मागे जात राहिले, जात राहिले, आणि आचाऱ्यानं सावलीत ठेवलेल्या मठ्ठ्याच्या पातेल्यात बसले. पांढरा फवारा उडाला. फवारा खाली आला तेव्हा मालक कमरेपर्यंत मठ्ठ्यात होते, ताट डोक्यावर सरळ, आणि ताटात नारळ उभा.

कोणी हसेना. हसावं की नाही हेच कळेना. सगळे जीपकडे बघत होते.

मालक पातेल्यातूनच म्हणाले, "मामा, तुमाला इचाराय निगालो व्हतो. येता का मांडवात?"

मामांचे आधी खांदे हलले. मग पोट. मग भाटघरच्या धरणाची दारं उघडावीत तसा तो माणूस हसायला लागला आणि थांबेचना. सगळं आवार त्याच्यामागून फुटलं. टेम्पोतली माणसं खाली उतरून एकमेकांच्या पाठी बडवायला लागली. आणि कार्यालयाच्या पायरीवरून आमचे बाबा, ऑफिसातले साहेब, हात वर करून ओरडत होते, "दहा! दहापैकी दहा!"

मामांनीच खाली उतरून मालकांना पातेल्यातून ओढून काढलं. "लागलं का, म्हातारबा?" मालकांनी नाही म्हणून मान हलवली. आता फेटा पुन्हा बांधायला हवा, आणि फेटा एकट्यानं बांधता येत नाही. दुसऱ्यानं टोक ताणून धरावं लागतं. मामांनी कापड झाडापासून सोडवलं, इकडेतिकडे बघितलं आणि टोक तात्यांच्या हातात दिलं. "धरा घट. ढिला सोडू नगा." तात्या रडत होते आणि टोक धरून मागे मागे सरत होते. मामा वळसे घेत घेत त्यांच्याजवळ येत गेले, आणि शेवटच्या वळशाला दोघं समोरासमोर आले. मिठी कोणी आधी मारली ते मला दिसलं नाही, कारण तोवर मीही रडत होते. गुरुजींनी पंचांग न उघडताच सांगून टाकलं, की आत्ताचा मुहूर्त मघाच्यापेक्षा उत्तम आहे.

मामांच्या खाचरातल्या तांदळाच्या अक्षता पडल्या. पंगतीला मठ्ठा तेवढा नव्हता.

मालक मुद्दाम पडले की खरंच पडले, यावर भोरात अजून वाद आहे. मला वाद घालायची गरज नाही, चष्मा माझ्या हातात होता. पण चष्म्याविना त्यांना पातेल्याची कड दिसली नाही, हेही खरं. पंगतीत ते डाव्या हातानं जेवत होते. दुसऱ्या दिवशी मी माहेरी आले तर उजव्या मनगटाला प्लास्टर. मला बघून ओशाळले आणि चार बोटं वर केली. "चार. हात आदी टेकला." मालकीणबाई आतून ओरडल्या, "या वयात मार्क घ्यायची हौस बगा!" मी वाकून नमस्कार केला.  त्यांनी प्लास्टरचा हात हवेतल्या कळशीला लावला आणि ती फुटल्याचं करून दाखवलं. मग मी हसले.

पुढे आमच्या लग्नाचा व्हिडिओ आला. मालकांनी तो आवाज बंद करून पाहिला. मग म्हणाले, "ह्येचा रंग काडता येतो का?" माझ्या नवऱ्यानं पुण्यात नेऊन त्यांचं जुनं रीळ मोबाईलवर चालेल असं करून आणलं आणि त्याच्या जळक्या टोकाला आमचा मुका, काळापांढरा तुकडा जोडला. आता परदेशातला नवरदेव नवरीचा हात धरून दाराकडे पळतो, आणि पुढच्याच क्षणाला भोरच्या कार्यालयात फेटा उलगडत जातो. मठ्ठा, मामांचे हलणारे खांदे, तात्यांच्या हातातलं टोक. तिथं व्हिडिओवाल्याची बॅटरी संपली होती. म्हणजे शेवट याही वेळी नाहीच.

मालक आता थकलेत. नवा लहान प्रोजेक्टर कटकट आवाज करत नाही, म्हणून त्याच्यावर रागावलेले असतात. पण बोलावणं आलं की जातात. मामाही जमेल तेव्हा डोंगर उतरून येतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि आपण पडद्यावर यायच्या आधीच हसायला लागतात. ज्याच्या हसण्याची कोणी खात्री देऊ शकत नव्हतं, त्याच्याचमुळे आता मालकांचं अंगण कोरडं राहत नाही.

यंदा पासलीला मामांच्या धाकट्या मुलीची हळद होती. दिवेलागणीला खळ्यात चादर बांधली, सगळं गाव सतरंजीवर. मालकांचा आवाज बसलेला, तरी त्यांनी येष्टी सोडली, मामा भाटघरात बुडवला. फेट्याचं टोक तात्यांच्या हातात आलं आणि चादर पांढरी झाली.

"मालक, लगीन लागलं का?" मागून कोणीतरी ओरडलं.

 मालकांनी गर्दीत मला शोधलं आणि बोट माझ्याकडे केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मला एकदम लाजल्यासारखं झालं.

पहिल्या रांगेतून मामांनीच उत्तर दिलं.

"लागलं, लागलं. म्या मागं हुबा व्हतो."